शटडाऊन आला तर पगाराचे काय? अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी नोकरदारांसाठी

सप्टेंबर उजाडला की वॉशिंग्टनच्या परिसरातल्या कार्यालयांत, मग ते बेथेस्डातले असो की हर्नडनमधले, जेवणाच्या सुट्टीत एकच विषय निघतो: यंदा शटडाऊन होणार का? भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला हा प्रश्नच मुळात उमगत नाही, कारण आपल्याकडे अर्थसंकल्प मंजूर व्हायला वेळ लागणार असेल तर लेखानुदान घेतले जाते आणि शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांचे पगार ठरल्या दिवशी जमा होतात. अमेरिकेत अशी सोय आपोआप होत नाही. इथल्या केंद्र सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, खर्चाची १२ विधेयके, किंवा ती होईपर्यंत जुन्या दराने खर्च चालू ठेवणारा तात्पुरता ठराव, मंजूर करावा लागतो. दोन्ही झाले नाही तर ज्या खात्यांच्या नावे पैसा मंजूर नाही ती त्या मध्यरात्रीपासून बंद पडतात. यालाच शटडाऊन म्हणतात. मंजूर नसलेला पैसा खर्च करण्यास मनाई करणारा कायदा १८८४ पासून आहे, पण १९८० मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा कडक अर्थ लावेपर्यंत खाती कशीबशी चालूच राहत असत. त्यानंतर १९९५-९६ च्या हिवाळ्यात २१ दिवस, २०१३ मध्ये १६ दिवस, २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस सरकार बंद राहिले.

या घटनेकडे राजकारण म्हणून पाहणारे पुष्कळ लेख उपलब्ध आहेत, आणि त्यांतून कोणाची बाजू बरोबर हे ठरवण्यात संध्याकाळ बरी जाते. हा लेख फक्त घरातल्या पैशाविषयी आहे. त्या दृष्टीने सर्वांत आधी लक्षात घ्यायची गोष्ट अशी की शटडाऊनमध्ये काहींचा पगार उशिरा येतो आणि काहींचा येतच नाही. ही दोन संकटे बाहेरून सारखी दिसत असली तरी त्यांवरचे उपाय एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

पहिली पायरी: आपण नेमके कोण आहोत ते लेखी विचारून घ्यावे

सरकारी कर्मचाऱ्यांचे शटडाऊनच्या काळात तीन गट पडतात. पहिल्या गटाला फर्लोवर पाठवले जाते, म्हणजे घरी बसवले जाते, आणि त्या काळात पगार मिळत नाही. दुसरा गट एक्सेप्टेड कर्मचाऱ्यांचा. जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी ज्यांचे काम थांबवता येत नाही ते, उदाहरणार्थ विमानतळावरचे सुरक्षा तपासनीस आणि हवाई वाहतूक नियंत्रक, रोज कामावर येतात, पण त्यांचाही पगार सरकार उघडेपर्यंत अडकून राहतो. तिसऱ्या गटाला शटडाऊनची झळ थेट लागत नाही, कारण त्यांच्या पगाराचा पैसा वार्षिक विधेयकांतून येत नाही. टपाल खाते स्वतःच्या उत्पन्नावर चालते, नागरिकत्व व स्थलांतर सेवा, म्हणजे यूएससीआयएस, बहुतांशी अर्जदारांच्या शुल्कावर चालते, आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयांना पैसा एक वर्ष आगाऊ मंजूर झालेला असतो.

आपले खाते कोणत्या विधेयकात मोडते हेही माहीत असावे, कारण प्रत्येक शटडाऊनमध्ये सगळे सरकार बंद होतेच असे नाही. २०१८-१९ मध्ये १२ पैकी पाच विधेयके आधीच मंजूर झाली होती, त्यामुळे संरक्षण, आरोग्य आणि श्रम ही मोठी खाती नेहमीसारखी चालू राहिली आणि तरीही सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांना पगाराविना राहावे लागले. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरला एकही विधेयक मंजूर नव्हते. तेव्हा रोज सुमारे साडेसात लाख कर्मचारी फर्लोवर राहतील असा अंदाज काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने दिला होता.

चौथा गट सरकारी कर्मचाऱ्यांचा नाहीच, तो कंत्राटी कंपन्यांतून सरकारी प्रकल्पांवर काम करणाऱ्यांचा आहे, आणि या भागातले पुष्कळसे मराठी लोक याच गटात आहेत. त्यांच्या ओळखपत्रावर सरकारी खात्याचे बोधचिन्ह असते, ते सरकारी इमारतीत बसतात, सरकारी लॅपटॉप वापरतात आणि घरी फोनवर "मी अमक्या खात्यात आहे" असे सांगतातही. परंतु त्यांचा पगार कंपनी देते आणि २०१९ च्या कायद्याने सरकारी कर्मचाऱ्यांना दिलेली थकीत पगाराची हमी त्यांना लागू नाही. या गटासाठी पुढे एक सबंध पायरी राखून ठेवली आहे.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या हमीबद्दल दोन शब्द. जानेवारी २०१९ मध्ये झालेल्या कायद्याप्रमाणे फर्लोवरचे आणि बिनपगारी काम केलेले, दोन्ही प्रकारचे कर्मचारी शटडाऊन संपल्यावर शक्य तितक्या लवकर पूर्ण थकीत पगार मिळण्यास पात्र आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रशासनाने फर्लोवरच्यांना ही हमी आपोआप लागू होते का अशी शंका उपस्थित केली आणि लोकांची झोप उडाली. शेवटी १२ नोव्हेंबरच्या कायद्यात थकीत पगार देण्याचे स्पष्ट कलम आले आणि शटडाऊनच्या काळात काढलेल्या नोकरकपातीच्या नोटिसाही मागे घेतल्या गेल्या. यावरून माझे मत असे झाले आहे की पगार मिळणार हे गृहीत धरायला हरकत नाही, पण तो कधी मिळणार यावर घराचे एकही देणे अवलंबून ठेवू नये.

दुसरी पायरी: पगाराचे कॅलेंडर काढावे

शटडाऊन सुरू झाल्याच्या दिवशी खात्यातले पैसे कमी होत नाहीत, आणि म्हणूनच नवखा माणूस पहिले दहा दिवस निर्धास्त राहतो. इथले पगार महिन्याने नव्हे, दर दोन आठवड्यांनी होतात, आणि प्रत्येक पगार मागील पंधरवड्याचा असतो. २०२५ चे उदाहरण घेऊ. बहुसंख्य खात्यांचा पंधरवडा २१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर असा होता. त्यातले कामाचे १० दिवस. त्यांपैकी ७ दिवस सप्टेंबरचे, म्हणजे पैसा मंजूर असलेले. म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लोकांच्या खात्यात पगार आला, पण तो तोकडा होता. त्यानंतर २४ ऑक्टोबरच्या सुमारास यायचा पगार शून्य आला आणि ७ नोव्हेंबरच्या सुमारासचाही शून्य.

समजा, एका घरात पंधरवड्याला हातात २,९०० डॉलर येतात. सात दिवसांच्या पगाराचे सरळ गणित केले तर २,०३० डॉलर यायला हवेत, पण आरोग्य विम्याचा हप्ता दिवसांच्या प्रमाणात कमी होत नाही, तो पूर्ण कापला जातो, त्यामुळे हातात १,९०० च्या आसपासच येतील. म्हणजे पहिल्या पगारात १,००० डॉलरची तूट, पुढच्या दोन पगारांत २,९०० प्रमाणे ५,८००, एकूण ६,८००. याच काळात १ नोव्हेंबरचे भाडे किंवा घराचा हप्ता, दोन महिन्यांचे गाडीचे हप्ते, वीज, किराणा आणि मुलाच्या डेकेअरची दर आठवड्याची फी द्यायची असते. ४३ दिवसांचा शटडाऊन सहन करायला साधारण अडीच पगारांइतकी रोकड हाताशी लागते, असा हिशेब यातून निघतो. ती शेअर बाजारात किंवा निवृत्ती खात्यात असून उपयोग नाही. ती साध्या बचत खात्यात हवी.

कागदावर एका बाजूला पगाराच्या तारखा आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक देण्याची तारीख लिहावी, आणि जी देणी खात्यातून आपोआप वळती होतात त्यांच्यापुढे खूण करावी. शटडाऊनमध्ये सर्वांत जास्त भुर्दंड बसतो तो याच आपोआप जाणाऱ्या देण्यांमुळे: खात्यात पैसे नसताना बँक दंड लावते, समोरची कंपनीही दंड लावते, आणि आपल्याला ते चार दिवसांनी कळते.

एक्सेप्टेड कर्मचाऱ्यांनी या कागदावर एक गोष्ट वेगळी धरावी. फर्लोवरच्या माणसाचा निदान मेट्रोचा, पार्किंगचा आणि बाहेरच्या जेवणाचा खर्च वाचतो, काही जण मुलाला डेकेअरमधून तात्पुरते काढण्याचाही विचार करतात, जरी तसे केल्यास ती जागा परत मिळेलच असे नसते. बिनपगारी कामावर जाणाऱ्याचे मात्र सगळे खर्च चालू राहतात, म्हणून तूट तेवढीच असली तरी चणचण त्याला आधी जाणवते.

तिसरी पायरी: कार्यालयाचे दार बंद होण्याआधी कागद बाहेर काढावेत

ही पायरी लहान आहे, पण ती चुकलेली माणसे सर्वांत जास्त हळहळतात. नोकरीची स्थिती, वेतनश्रेणी आणि कामाचे अधिकृत ठिकाण दाखवणारा एसएफ-५० हा अर्ज, तसेच शेवटच्या दोन-तीन पगारपत्रकांच्या प्रती बहुतेक वेळा सरकारी नेटवर्कवरूनच उतरवून घेता येतात. फर्लो सुरू झाला की सरकारी लॅपटॉप उघडणे, ईमेल पाहणे, "फक्त दोन मिनिटांचे काम" म्हणून साहेबाला उत्तर देणे, हे सगळे कायद्याने निषिद्ध आहे, कारण सरकारला फुकटची सेवा स्वीकारण्यासही मनाई आहे. भारतातून आलेल्या कष्टाळू माणसाला ही अट विचित्र वाटते, आणि म्हणूनच मुद्दाम सांगतो: इथे निष्ठा दाखवायची नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच हे कागद छापून किंवा पीडीएफ करून घरी आणावेत, साहेबाचा आणि मनुष्यबळ विभागाचा कार्यालयाबाहेरचा फोन क्रमांक घ्यावा, आणि आपला खासगी ईमेल त्यांच्याकडे नोंदवावा, कारण परत कामावर या हा निरोप तिथेच येणार असतो.

चौथी पायरी: हप्ता चुकण्याआधी फोन करावा

कर्ज देणाऱ्यांचा फोन येईपर्यंत थांबणे ही आपली जुनी सवय आहे, पण ती इथे महाग पडते. घराच्या कर्जाला साधारण १५ दिवसांची सवलत असते आणि त्यानंतर दंड लागतो. पतमापन संस्थांकडे थकबाकीची नोंद मात्र सहसा ३० दिवस उलटल्यावर जाते. या १५ आणि ३० दिवसांच्या आत बँकेला फोन करून, शटडाऊनमुळे पगार अडकला आहे असे सांगून, हप्ता पुढे ढकलण्याची लेखी मुदत घेतली तर नोंद खराब होत नाही. सरकारच्या मनुष्यबळ कार्यालयाने, म्हणजे ओपीएमने, कर्ज देणाऱ्या संस्थांना आणि घरमालकाला पाठवण्यासाठी नमुना पत्रे तयार केलेली आहेत. त्यांच्यासोबत फर्लोची नोटीस जोडली की बहुतेक ठिकाणी काम होते. मुदत देताना व्याज थांबते की चालू राहते, आणि पुढे ढकललेला हप्ता एकदम भरायचा की कर्जाच्या शेवटी जोडायचा, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवू नये.

नेव्ही फेडरल क्रेडिट युनियन, यूएसएए अशा काही संस्थांनी मागील शटडाऊनमध्ये पगाराइतक्या रकमेची बिनव्याजी कर्जे दिली होती. त्यांची मुख्य अट ही की पगार आधीपासून त्यांच्याकडच्या खात्यात जमा होत असला पाहिजे. १ ऑक्टोबरनंतर तिकडे खाते उघडून फायदा होत नाही. मेरीलँड राज्य प्रत्यक्ष हजर राहून बिनपगारी काम करणाऱ्यांना ७०० डॉलरचे बिनव्याजी कर्ज देते. रक्कम छोटी आहे, पण महिन्याचा किराणा त्यात निघतो. याउलट क्रेडिट कार्डावर रोख काढणे आणि पगारावर उचल देणाऱ्या दुकानांत जाणे ही दोन्ही दारे बंदच समजावीत. निवृत्ती खात्यातून, म्हणजे टीएसपीतून, पैसे काढणेही साडेएकोणसाठ वर्षांखालच्या माणसाला सहसा करासोबत १० टक्के दंडाचे ठरते. सहा आठवड्यांनी येणाऱ्या पगारासाठी वीस वर्षांनी लागणारा पैसा मोडण्यात शहाणपण नाही.

विम्याविषयी मात्र घाबरू नये. सरकारी आरोग्य विमा पगार नसला तरी चालू राहतो आणि हप्त्याची थकबाकी नंतरच्या पगारातून कापली जाते. दात आणि डोळ्यांचा विमा वेगळा असतो. त्याचे बिल दोन पगार चुकल्यावर थेट घरी येऊ शकते, तेव्हा ते पत्र जाहिरात समजून फेकू नये.

पाचवी पायरी: बेकारी भत्ता

फर्लोवरचा सरकारी कर्मचारी बेकारी भत्त्यासाठी अर्ज करू शकतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पूर्ण वेळ बिनपगारी काम करणाऱ्या एक्सेप्टेड कर्मचाऱ्याला मात्र बहुतेक राज्ये तो देत नाहीत, कारण तांत्रिकदृष्ट्या तो बेकार नसतो. अर्ज राहत्या राज्यात नव्हे, तर कामाचे अधिकृत ठिकाण जिथे आहे तिथे करायचा असतो: व्हर्जिनियात राहून डीसीतल्या कार्यालयात जाणाऱ्याने डीसीत अर्ज करावा, आणि घरून काम करणाऱ्याने एसएफ-५० वर कोणते ठिकाण लिहिले आहे ते पाहावे. २०२५ मध्ये आठवड्याचा कमाल भत्ता डीसीत ४४४ आणि मेरीलँडमध्ये ४३० डॉलर होता; काही ठिकाणी पहिला आठवडा भत्त्याविना जातो.

यात एक खोच आहे. थकीत पगार मिळाला की त्याच काळासाठी घेतलेला भत्ता राज्याला परत करावा लागतो. म्हणून भत्त्याला उत्पन्न न समजता बिनव्याजी उसनवारी समजावे आणि किती आठवड्यांचे किती घेतले ते लिहून ठेवावे. थोडक्यात संपेल असे वाटणाऱ्या शटडाऊनमध्ये अर्ज करण्याचा खटाटोप करावा का, हा प्रश्न मला विचारला तर मी पहिल्याच आठवड्यात अर्ज करून ठेवा असे सांगेन, कारण तो मंजूर व्हायलाच काही आठवडे जातात.

सहावी पायरी: कंत्राटी नोकरी आणि एच-१बी

आता मुख्य विषयाकडे येतो. ज्यांना थकीत पगाराची हमी नाही त्यांचे नुकसान खरे असते, आणि त्यांना सल्ला देणारे लेख सर्वांत कमी असतात.

आपला प्रकल्प थांबेल की चालू राहील हे कंत्राटावर ठरते. ज्या कंत्राटासाठी पैसा मागील वर्षीच बांधून ठेवलेला आहे ते चालू राहू शकते, पण इमारतीला कुलूप असेल किंवा कामावर सही करणारा सरकारी अधिकारीच फर्लोवर असेल तर पैसा असूनही काम थांबते. म्हणून सप्टेंबरमध्येच आपल्या व्यवस्थापकाला तीन गोष्टी ईमेलवर विचाराव्यात: कंत्राटाचा पैसा कोणत्या तारखेपर्यंत बांधलेला आहे, काम थांबवण्याचा आदेश आला तर कंपनी मला दुसऱ्या प्रकल्पावर बसवणार की घरी, आणि घरी बसवले तर पगाराचे काय. तोंडी उत्तर पुरेसे नाही.

नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या पगारी कर्मचाऱ्याला कंपनी बिनपगारी घरी बसवू शकते, मात्र ज्याला ओव्हरटाइमचे नियम लागू नाहीत अशा पगारदाराने त्या आठवड्यात एक दिवस जरी काम केले असले तरी सहसा सबंध आठवड्याचा पगार द्यावा लागतो. म्हणूनच कंपन्या पूर्ण आठवड्याच्या हिशेबाने घरी बसवतात. अशा कर्मचाऱ्यांनी राज्याकडे नेहमीच्या बेकारी भत्त्याचा अर्ज करावा. त्यांना थकीत पगार मिळणार नसल्यामुळे तो परत करण्याचा प्रश्नही येत नाही.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचा नियम वेगळा आहे आणि तो त्यांच्या बाजूचा आहे. काम नाही म्हणून कंपनीने घरी बसवले तर त्याला बेंचवर बसवणे म्हणतात, आणि त्या काळातही एलसीएवर, म्हणजे या व्हिसासाठी कंपनीने श्रम खात्याकडे केलेल्या अर्जावर, लिहिलेला पूर्ण पगार कंपनीने देणे बंधनकारक आहे. सरकारने काम थांबवले ही कंपनीची अडचण आहे, कर्मचाऱ्याची नव्हे. या नियमाला असलेली सूट अशी की कर्मचाऱ्याने स्वतःच्या खासगी कारणासाठी, स्वतःहून रजा मागितली असेल तर पगार द्यावा लागत नाही.

ही सूट मला २०१३ मध्ये महागात पडली. १ ऑक्टोबरला सकाळी इमारतीच्या दाराशी ओळखपत्र जमा करून मी घरी आलो, आणि दुपारी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचा अतिशय सौजन्यपूर्ण ईमेल आला. सोबत एक पानी अर्ज होता. त्यात "वैयक्तिक कारणासाठी बिनपगारी रजा" या ओळीपुढे आधीच खूण केलेली होती आणि खाली फक्त माझ्या सहीची जागा रिकामी होती. सगळेच भरत आहेत, नाहीतर पोर्टलवर तास भरता येणार नाहीत, असे सांगण्यात आले. मी सही केली. १६ तारखेच्या रात्री सरकार उघडले तोपर्यंत कामाचे ११ दिवस गेले होते, त्यांचा एक डॉलरही मिळाला नाही, आणि ३ नोव्हेंबरच्या दिवाळीला साताऱ्याला जाण्यासाठी पाहून ठेवलेले तिकीट काढायचे राहून गेले. पैशापेक्षा त्रास पुढे झाला: दुसऱ्या कंपनीत जाताना ऑक्टोबरचे पगारपत्रक अर्धे का, याचे स्पष्टीकरण द्यावे लागले. तेव्हा कोणी असा अर्ज पाठवला तर सही करण्याआधी उत्तर लिहावे की मी रजा मागितलेली नाही, मी कामासाठी उपलब्ध आहे, कृपया दुसरे काम द्यावे. हे एक वाक्य आपल्या खासगी ईमेलवरही जपून ठेवावे. त्याने न भागल्यास श्रम खात्याच्या वेतन विभागाकडे तक्रार करता येते, अर्थात सरकार उघडल्यावर.

दुसरा धोका तारखांचा आहे. यूएससीआयएस शुल्कावर चालत असल्यामुळे तिथले अर्ज चालू राहतात, पण एच-१बीची मुदतवाढ, कंपनीबदल किंवा कामाचे शहर बदलणे यांसाठी आधी श्रम खात्याकडून एलसीए मंजूर व्हावी लागते, आणि श्रम खात्याचा पैसा अडकला की ते संगणकीय दालनच बंद होते. २०१३ मध्ये असे झाले; २०१८-१९ मध्ये श्रम खात्याचे विधेयक आधीच मंजूर असल्यामुळे झाले नाही; २०२५ मध्ये पुन्हा झाले आणि ३१ ऑक्टोबरला, शटडाऊन चालू असतानाच, ते दालन पुन्हा उघडले. ग्रीन कार्डासाठी कंपनी श्रम खात्याकडे करते त्या पर्म अर्जांचेही तसेच. ज्यांच्या मुक्कामाची मुदत ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये संपते त्यांनी एलसीए ऑगस्टमध्येच करून घ्यावी. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, आणि एलसीए मंजूर व्हायला कामाचे सात दिवस लागतात, हे लक्षात ठेवून कंपनीच्या वकिलामागे लागावे.

सर्वांत अवघड अवस्था ज्याची नोकरी शटडाऊनमध्ये जाते त्याची. नोकरी गेल्यावर एच-१बीधारकाला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि मुक्कामाची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंतच, राहता येते. त्यात नवी कंपनी सापडली तरी एलसीएचे दालन बंद असेल तर ती अर्ज दाखल करू शकत नाही. शटडाऊनमुळे उशीर झाला हे पुराव्यानिशी दाखवता आले तर यूएससीआयएस उशिराचा अर्ज विचारात घेऊ शकते, तशी भूमिका त्यांनी २०२५ मध्ये जाहीरही केली होती; पण तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे, हक्काचा नव्हे. अशा वेळी मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर न विसंबता स्वतःचा वकील गाठावा, कारण कंपनीचा वकील कंपनीचा असतो.

नव्या नोकरीवर रुजू होणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट: नोकराला इथे काम करण्याची परवानगी आहे का हे पाहणारी ई-व्हेरिफाय ही पडताळणीही शटडाऊनमध्ये बंद पडू शकते, तशी ती २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये काही दिवस बंद होती. तरी रुजू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत त्याच परवानगीचा आय-९ अर्ज पुरा करावाच लागतो.

सातवी पायरी: भारतातली देणी

पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला एनआरई खात्यातून, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या भारतातल्या खात्यातून, आपोआप जातो आणि त्या खात्यात आपण पगार झाला की पैसे पाठवतो, अशी व्यवस्था आपल्यातल्या अनेकांची असते. इथला पगार थांबला की तिथला हप्ता परत जातो, बँक दंड लावते आणि सिबिलवर डाग पडतो. अमेरिकेतला शटडाऊन हे कारण त्या बँकेच्या संगणकाला सांगता येत नाही. म्हणून उन्हाळ्यातच तीन हप्त्यांइतके रुपये एनआरई खात्यात शिल्लक ठेवावेत. आईवडिलांना दरमहा पैसे पाठवत असाल तर त्यांना आधी सांगून दोन महिन्यांचे एकदम पाठवणे बरे. नाहीतर बातम्या पाहून ते काळजी करतात आणि आपण "सगळे ठीक आहे" असे सांगत राहतो.

भारतातून उलट पैसे आणण्याची वेळ आली तर एनआरई खात्यातले पैसे मोकळेपणाने आणता येतात, एनआरओमधले, म्हणजे भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातले, आणायला कर प्रमाणपत्रांची कागदपत्रे लागतात. एनआरई मुदत ठेव एक वर्षाच्या आत मोडली तर तिच्यावर काहीच व्याज मिळत नाही, तेव्हा कोणती ठेव मोडायची हे तारखा पाहून ठरवावे.

याच ऋतूत आईवडील इथे आलेले असतात किंवा आपण दिवाळीला तिकडे निघालेलो असतो. स्मिथसोनियनची संग्रहालये २०२५ मध्ये १२ ऑक्टोबरपासून बंद झाली होती, आणि ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरची देशांतर्गत उड्डाणे कमी करण्यात आली होती. मुंबईचे विमान दुसऱ्या शहरातून पकडायचे असेल तर मधला वेळ भरपूर ठेवावा.

आठवी पायरी: सरकार उघडल्यानंतर

थकीत पगार सहसा काही दिवसांत येतो, पण तो एकदम येत असल्यामुळे त्यातली प्रत्येक कपात तपासावी: विम्याची थकबाकी किती पगारांची धरली आहे, टीएसपीचा वाटा पुन्हा सुरू झाला का, आणि शटडाऊनच्या आधी मंजूर झालेली रजा, जी शटडाऊनमध्ये रद्द समजली जाते, चुकून खर्ची तर पडलेली नाही ना. पुढे ढकललेले हप्ते याच पैशातून लगेच भरावेत. बेकारी भत्ता घेतला असेल तर तो बाजूला काढून ठेवावा आणि राज्याचे वसुलीपत्र येण्याची वाट न पाहता त्यांच्या पोर्टलवर थकीत पगार मिळाल्याची नोंद करावी. भत्ता करपात्र असतो. जानेवारीत राज्याकडून १०९९-जी हा कागद येतो आणि त्यावर घेतलेली पूर्ण रक्कम लिहिलेली असते, म्हणून परतफेडीची पावती त्याच पाकिटात जपून ठेवावी.

कंत्राटी माणसाचे घड्याळ याहून हळू चालते. सरकार उघडले तरी प्रकल्पाचा आदेश निघायला, ओळखपत्र पुन्हा सुरू व्हायला आणि कंपनीचे बिल मंजूर व्हायला वेळ लागतो, तेव्हा पहिला पूर्ण पगार हाती येईपर्यंत आणखी एक पंधरवडा धरून चालावे. आणि सरकार ज्या कायद्याने उघडले त्याची मुदत कोणती हेही पाहावे: १२ नोव्हेंबर २०२५ च्या कायद्याने तीनच विधेयके वर्षभरासाठी मंजूर झाली, बाकीच्या खात्यांना ३० जानेवारी २०२६ पर्यंतचाच पैसा मिळाला. अशी तारीख पगाराच्या कॅलेंडरवर त्याच संध्याकाळी लिहून ठेवावी.